दहाचं नाणं, 'दुसरा हात दखाड' आणि जळगावचा कॉइन मॅजिकचा क्लास

सरळच सांगतो, रील बनवायला बोटांवर नाणी नाचवायची असतील तर या क्लासची फी भरू नका. ते सगळं फोनवर फुकट आहे आणि तिथे जास्त चांगलं दाखवतात. पण समोर दीड फुटावर बसलेल्या माणसाला, त्यातही आपल्या खान्देशातल्या माणसाला, गंडवायचं कसं आणि गंडल्यावर त्याला राग न येता हसू कसं यावं हे शिकायचं असेल तर जळगावात रविवारी सकाळी चालणारा हा क्लास मला पैसा वसूल वाटला. तक्रारी आहेत, त्या पण लिहितो, आधी आहे काय ते ऐका.

क्लासला पाटी नाही की नाव नाही. रिंग रोडच्या बाजूला एका घराच्या पुढच्या खोलीत भरतो. शिकवणारे काका भुसावळला रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर मुलाकडे जळगावला आले, आणि नाण्यांचा नाद नोकरीत असल्यापासूनचा. लहानपणी जादूगार रघुवीरांचा प्रयोग बघितला तेव्हापासून डोक्यात किडा शिरला असं ते सांगतात. बॅच सहा-सात जणांची, त्याच्यावर घेत नाहीत. आमच्यात इंजिनिअरिंगची एक पोरगी, झेडपीचे एक गुरुजी, बारावीची दोन पोरं, फुले मार्केटला कपड्याचं दुकान असलेला एक भाऊ आणि मी. मी अमळनेरला मेडिकलच्या काउंटरवर असतो, सकाळची गाडी धरायची, धरणगाव पाळधी करत जळगाव. फी महिन्याला पंधराशे, चहा त्यातच, आणि चहा काकू देतात तेव्हा क्लास थांबतो म्हणजे थांबतोच, कोणाची मूठ अर्धी मिटलेली असली तरी.

सामान काय आणायचं विचारलं तर म्हणाले तीन दहाची नाणी घेऊन या, बाकी काही नको. आता दहाच्या नाण्याचं आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना माहिती आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगून झालं की 14 डिझाइनची नाणी निघालीत, सगळी खरी आहेत, सगळी चालतात, तरी गिऱ्हाईक काउंटरवरून नाणं परत सरकवतं, हे नको भाऊ, नोट द्या. त्यामुळे आमच्या गल्ल्यात ही नाणी पडूनच असतात आणि मला प्रॅक्टिसला माल कधी कमी पडला नाही.

नाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नवीन माणूस इथेच चुकीच्या गोष्टीवर पैसे घालवतो. दहाचं नाणं 27 मिलिमीटरचं, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास वजन, बाहेरचं कडं पिवळसर आणि मधली चकती पांढरी. दोन रंगांमुळे लांबून छान दिसतं, पण त्याच कारणाने बोटांच्या फटीतून जरा जरी डोकावलं तर समोरच्याला लगेच कळतं, म्हणून शिकायला चांगलं, चूक लपत नाही. पाचचं त्याहून लहान, मोठ्या हातात हरवून जातं, पण त्या इंजिनिअरिंगच्या पोरीने सुरुवात पाचच्याच नाण्यावर केली आणि तिला ते बरं पडलं. वीसचं 12 कोनी आहे, ते तळव्यात दाबून धरलं की कोपरे जाणवतात, मला आवडलं नाही, काकांना आवडतं, ते त्यांचं त्यांना लखलाभ. घरात आजीच्या डब्यात जुना मोठा रुपया असेल, 28 मिलिमीटरचा, तर तो सोन्यासारखा जपा.

काकांचा स्वतःचा सेट मात्र चांदीच्या रुपयांचा आहे, राणी छाप दोन आणि पंचम जॉर्जचे बाकीचे. बाहेर देशात नाण्यांच्या जादूवर जे काही लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं अमेरिकन हाफ डॉलर हातात धरून लिहिलंय, ते नाणं 30.6 मिलिमीटर आणि 11.34 ग्रॅम. आणि आपला ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया बरोब्बर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आकार जवळजवळ तोच. म्हणजे लोक ज्या नाण्यासाठी डॉलर मोजून कुरिअर मागवतात त्याच्या तोडीचं नाणं आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात वर्षातून एकदा हळदकुंकू लावून परत कपाटात जातं. चांदीचा भाव बघता मी सराफाकडे चौकशी करून गुपचूप खाली उतरलो, पण घरात असतील तर वापरा. कडेच्या खाचांमुळे बोटाला पकड मिळते. पूजेसाठी नवीन मिळणारी नाणी गुळगुळीत असतात, ती नका आणू.

आणि एक, शेल नावाचा प्रकार येतो, म्हणजे पोकळ टरफल, खऱ्या नाण्यावर टोपीसारखं बसतं. मी एका ऑनलाइन साइटवरून सेट मागवला होता. टरफल इतकं सैल की हात हलवला की खुळखुळ. परत घेईनात, फोन उचलेनात, मेलला उत्तर नाही. काकांनी बघितला, दोन वेळा वाजवला आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिला, म्हणाले वर्षभर याची गरज नाही. कोणाला वाटेल आपलंच नाणं कानशीने घासून बनवू, तर ते करू नका, चलनातलं नाणं वितळवायला, नष्ट करायला 2011 च्या कॉइनेज ॲक्टने बंदी आहे.

आता शिकवण्याबद्दल. पहिल्या रविवारी जादू काहीच नाही. काका म्हणाले नाणं उजव्या हातातून डाव्या हातात ठेवा. खरंखुरं ठेवा. परत ठेवा. झेडपीच्या गुरुजींनी विचारलं, यात शिकायचं काय? तर काका म्हणाले, ठेवताना तुमचे डोळे कुठे असतात ते सांगा. कोणालाच सांगता आलं नाही.

मग आरशासमोर बसवलं. खरं नाणं ठेवताना काय होतं ते बघा: नजर नाण्याबरोबर निघते, नाणं पोचलं की मुठीवर क्षणभर थांबते, आणि उजवा हात रिकामा झाला की आपण त्याला विसरून जातो, तो आपोआप सैल खाली येतो. डावी मूठ आत नाणं असल्यामुळे किंचित फुगलेली असते, आवळलेली नसते. आता खोटं करताना नवशिका काय करतो? नाणं उजव्याच हातात राहिलंय हे त्याला माहिती असल्यामुळे एक चोरटी नजर उजवीकडे जाते, उजवी बोटं ताठ होतात, खांदा वर चढतो, श्वास रोखला जातो, आणि डावी मूठ रिकामी असते म्हणून तो ती गच्च आवळतो. म्हणजे हाताने केलेलं सगळं बरोबर असलं तरी बाकीचं शरीर ओरडून सांगतं की इकडे काहीतरी आहे. काकांचा खेळ असा की सात-आठ वेळा खरं ठेवायचं, मध्येच एकदा खोटं, आणि बाकीच्यांनी ओळखायचं कोणतं. दुसऱ्या रविवारपर्यंत बारावीची पोरं सोडून सगळे पकडले जात होतो. पोरं कशी सुटली काय माहीत, खोटं बोलायची सवय ताजी असावी.

या क्लासची खरी किंमत कशात आहे तर काका बसतात कुठे यात. फोनवरच्या व्हिडिओत कॅमेरा सतत हातावर असतो, म्हणजे तुम्ही हात बघायला शिकता. घरी आरशात पण तुम्ही स्वतःचे हातच बघता. पण मिसडायरेक्शन, म्हणजे समोरच्याचं लक्ष दुसरीकडे वळवणं, घडतं ते त्याच्या डोळ्यात, आणि ते डोळे करणाऱ्याला बघता येत नाहीत कारण तो बिचारा आपल्या नाण्याच्या टेन्शनमध्ये असतो. काका आपल्या शेजारी बसत नाहीत, प्रेक्षक म्हणून बसवलेल्या माणसाच्या बाजूला, जरा पुढे सरकून, त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. तुमच्या हाताकडे ढुंकून पण बघत नाहीत. समोरच्याची नजर हातावरून उठली की टेबलावर बोटाने टक करतात. बस. ती टक झाली तेव्हा नाणं हलवायचं. आधी हलवलंत तर तो हसतो आणि मान हलवतो. दोन-तीन रविवार असं केलं की टक व्हायच्या आधीच तुम्हाला कळायला लागतं की आता याची नजर उठणार. हे मला कोणत्याही व्हिडिओने शिकवलं नसतं, आणि खरं सांगायचं तर पंधराशे रुपये मी या टकटकीचे दिले असं धरतो.

नजर उठवायची कशी, तर याची पद्धत आहे. स्कॉटलंडच्या एअर गावात जॉन रॅमसे नावाचा किराणा दुकानदार होऊन गेला, नाण्यांच्या जादूत मोठं नाव. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लोकांनी एखादी वस्तू बघावी वाटत असेल तर तुम्ही ती बघा, लोकांनी तुमच्याकडे बघावं वाटत असेल तर तुम्ही लोकांकडे बघा. दुकानदाराला हे सुचलं यात मला नवल वाटत नाही, काउंटरवर उभं राहून हेच तर करतो आम्ही दिवसभर. आपण गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून काही विचारलं की ते वर बघतं, बघावंच लागतं, नाही बघितलं तर उद्धटपणा वाटतो ना.

प्रश्न मात्र नीट निवडायचा. हो-नाही उत्तर असलेला प्रश्न बिनकामाचा, माणूस हाताकडे बघत बघत हो म्हणून टाकतो. आठवावं लागेल असं विचारायचं. आपल्याकडचा सगळ्यात जालीम प्रश्न कोणता तर 'तुमचं गाव कोणतं?' गाव सांगितलं की पुढे लगेच, अरे मग तिथले पाटील आमचे पाहुणे, मग कोणाचा मामा कोणाचा साडू, समोरचा माणूस नातं जोडण्यात इतका गुंततो की तुम्ही नाणं खिशात घालून, बाहेर काढून, परत घातलं तरी चालेल. पुण्या-मुंबईला हा प्रश्न चालेल का माहीत नाही, इथे हमखास चालतो.

यावर परदेशात अभ्यास पण झालाय आणि काकांनी तो छापून भिंतीला चिकटवलाय. गुस्ताव कुन आणि मायकल लँड यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू वर उडवतो, झेलतो, परत उडवतो, आणि तिसऱ्या वेळी नुसता उडवल्याचं नाटक करतो, चेंडू हातातच. बघणाऱ्यांपैकी 68 टक्के लोकांना चेंडू खरंच वर जाऊन गायब झाल्यासारखा दिसला. पण हे कधी, तर जादूगाराची नजर त्या नसलेल्या चेंडूबरोबर वर गेली तेव्हा. त्याने नजर हातावरच ठेवली तेव्हा आकडा 32 टक्क्यांवर आला. हात तेच, हालचाल तीच. आणि गंमत म्हणजे लोक म्हणत होते आम्ही चेंडूकडे बघत होतो, पण डोळ्यांची नोंद घेतली तर बरेचसे जादूगाराच्या तोंडाकडे बघत होते. गुरुजी हा कागद फोटो काढून शाळेत घेऊन गेले.

मग येतं रूटीन. सुटी जादू आणि रूटीन यात फरक काय हे मला आधी कळत नव्हतं, वाटायचं चार जादू एकामागे एक केल्या की झालं रूटीन. तसं नाही. काका एकच नाणं घेऊन चारेक मिनिटांचं रूटीन शिकवतात, नाणं डाव्या मुठीतून जातं, कोपराखाली सापडतं, परत जातं, गुडघ्यातून निघतं, शेवटी पेनने टोचलं की जातं ते जातंच. यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचं काम गुपचूप करून ठेवते. कोपराखालून नाणं काढायला हात वळवावा लागतो, आणि लोक कोपराकडे बघत असताना दुसऱ्या हाताला मोकळा वेळ मिळतो. पेन खिशातून काढायचं म्हणून नाणं या हातातून त्या हातात द्यावं लागतं, आणि ते देणं हे काही जादूचं काम वाटतच नाही, पेन काढायची सोय वाटते, म्हणून कोणी बघत नाही. स्पेनचा आस्कानियो म्हणून जादूगार होता, त्याने या जाता जाता केलेल्या कामावर फार विचार केलाय असं काका सांगतात. मला ते नाव लक्षात राहिलं नसतं, पण काका दर वेळी पेन काढलं की 'आस्कानियो' म्हणून ओरडतात.

दुसरं नाव स्लायडिनीचं. इटलीत जन्म 1900 चा, अर्जेंटिनात वाढला, न्यूयॉर्कला नाव काढलं, 1991 ला गेला. टेबलाशी बसून जादू करायचा. त्याचं तत्त्व शरीराचं, म्हणजे तुम्ही पुढे झुकलात की समोरचा पुढे येतो आणि डोळे फाडून बघतो, तुम्ही मागे टेकलात, सुस्कारा टाकलात की तो पण सैल होतो. आपण नवशिके नेमके पुढे झुकून, दात आवळून काम उरकायला जातो. ते मागे टेकताना उरकायचं, जादू झाली, लोक हसले, आता काही नाही असं वाटलं, तेव्हा. हे सांगायला सोपं आहे. करायला गेलं की पाठ ऐकत नाही.

आणि तिसरी गोष्ट वेळेची. चोरी, म्हणजे नाणं गुपचूप काढून घेणं, आणि गायब होणं यात अंतर ठेवायचं. नाणं मुठीतून गेलेलं असतं, तरी मूठ लगेच उघडायची नाही, काहीतरी बोला, पेन काढा, समोरच्याला फुंकर मारायला सांगा. लोकांना वाटतं जादू फुंकर मारली तेव्हा झाली, मग ते फुंकरीच्या वेळचे हात आठवत बसतात आणि त्या वेळी हात धुतल्या तांदळासारखे असतात.

हे सगळं तपासायला शेवटच्या रविवारी काका शेजारपाजारचे लोक बोलावतात आणि हा भाग बघण्यासारखा. आपल्याकडचं पब्लिक सोपं नाही हो. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झाडाखाली पत्ते कुटणारी मंडळी, समोरच्याच्या हातावरून नजर हटवायची नाही हे यांना लहानपणापासून माहिती. आणि एक वाक्य हमखास येतंच. आमच्या वेळी पारोळ्याकडचे एक आजोबा आले होते, पांढरी टोपी टेबलावर काढून ठेवली आणि फुले मार्केटच्या आमच्या भाऊसमोर मांडी ठोकून बसले. भाऊने नाणं डाव्या मुठीत घेतलं, पेन काढलं, मुठीवर टोचलं, मूठ उघडली. रिकामी. आजोबांनी मुठीकडे बघितलं सुद्धा नाही.

"आते दुसरा हात दखाड."

म्हणजे आता दुसरा हात दाखव. मी असतो तर घाम फुटला असता. भाऊ म्हणाला, "दखाडतो ना बाबा, पण तुमचं गाव कोणतं म्हटलं तुम्ही?" आजोबांनी गाव सांगितलं, भाऊची आत्या शेजारच्या गावाला दिलेली निघाली, तेवढ्यात पेन खिशात गेलं, आणि पेनबरोबर काय गेलं ते समजून घ्या. मग दोन्ही हात टेबलावर, उताणे. आजोबा सोडतात का? "माले येडा समजस का रे?" म्हणत त्यांनी भाऊच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, उजवी झाली, डावी झाली, मग वाकून टेबलाखाली बघितलं. ते वाकलेले असताना भाऊने खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं, हात परत खाली येताना टोपीची कड एवढीशी हलली, आम्हा पाच जणांना दिसलं, आजोबा टेबलाखाली. वर आले आणि म्हणाले, "रुप्या कथा गया रे भो?" भाऊ काही बोलला नाही, नुसता टोपीकडे बघत राहिला. आजोबांनी टोपी उचलली.

पुढे दहा मिनिटं नुसता आरडाओरडा. आजोबांनी ते नाणं स्वतःच्या खिशात घातलं, परत दिलंच नाही. दहाचं नाणं एखाद्याने इतक्या आवडीने घेतलं असं मी पहिल्यांदा बघितलं.

काका कोपऱ्यात बसून होते. नंतर भाऊला एवढंच म्हणाले की टोपीकडे बघायची घाई केली, अजून थोडं थांबला असता तर आजोबांनीच टोपी घालायला उचलली असती. मला ते पटतं, पण त्या क्षणी थांबायला फार दमदार काळीज लागतं.

तक्रारी आता. लेखी काही देत नाहीत, नोट्स नाहीत, आणि व्हिडिओ काढू देत नाहीत. गुपित बाहेर जाऊ नये ही भावना समजते, पण अमळनेरला परत जाईपर्यंत निम्मं डोक्यातून गेलेलं असायचं. मी गाडीत बसून वहीत लिहायचो, तेवढंच राहिलं. वेळ साडेनऊची सांगतात, दहा वाजले तरी चालू होत नाही. रेल्वेच्या गोष्टी फार. त्यातली एक मात्र परत ऐकायला आवडेल: 'किंग ऑफ कॉइन्स' म्हणून जगभर गाजलेला टी. नेल्सन डाउन्स, जन्म 1867 चा, हा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मार्शलटाउनला रेल्वेत तार खात्याचं काम करायचा आणि ड्यूटीवर गाडी नसेल तेव्हा नाण्यांची प्रॅक्टिस करायचा. काका ही गोष्ट भुसावळ जंक्शनची असल्यासारखी सांगतात. त्याचा गाजलेला आयटम म्हणजे हवेतून एकेक नाणं पकडून भांड्यात टाकायचं. काका तो पितळी तांब्यात करतात, आणि तिथे कळतं की फसवणारा आवाज आहे. नाणं पडल्याचा खण्ण आवाज आला की डोळे तांब्याकडे जातात आणि मन नाणी मोजायला लागतं. पण हा आयटम शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईने उरकला, आमच्यापैकी एकालाही धड जमला नाही. याला एक अख्खा रविवार द्यायला हवा होता. पुढच्या महिन्याची फी भरायला लावायची ही युक्ती असेल तर ती चांगली जमली आहे, कारण मी भरली.

चारी बाजूंनी लोक उभे असतील तर काय करायचं, हे शिकवतच नाहीत. सगळं टेबलाशी बसून, समोर एक-दोन माणसं धरून. लग्नात, गणपतीत करायचं म्हटलं की बाजूला उभा असलेला पोरगा सगळं बघतो. हाताच्या ताकदीची प्रॅक्टिस, म्हणजे तळव्यात नाणं दाबून धरून बाकीची कामं करणं, हे पण घरी तुमचं तुम्ही करायचं. मी औषधाच्या पट्ट्या मोजताना तळव्यात एक दहाचं ठेवतो, एकदा नाणं पट्टीबरोबर पिशवीत गेलं, गिऱ्हाईक आणून देऊन गेलं, म्हणालं तुमचं नाणं, घेत नाही कोणी.

उन्हाळ्यातली बॅच शक्यतो टाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचं ऊन काय असतं ते सांगायला नको, खोलीत एक कूलर आणि तो काकांच्या दिशेने. तळव्याला घाम आला की नाणं चिकटून बसतं आणि सोडायचं तेव्हा सुटत नाही, मग बोटं झटकावी लागतात आणि झटकलं की संपलं. दिवाळीनंतर जा, थंडीत हात कोरडा असतो, वाटल्यास जरा व्हॅसलीन, पण अगदी जरा.

लहान पोरांना घेत नाहीत, दहावीच्या पुढचे चालतात. आणि पहिल्याच दिवशी एक शब्द घेतात की यावर पैज लावायची नाही, पत्त्यांच्या डावात बसायचं नाही. बारावीच्या पोरांकडून दोनदा वदवून घेतलं.

ज्यांना जायचंय त्यांनी रिंग रोडला गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, गल्ली अरुंद आहे आणि समोरच्या घरच्या आजी ओरडतात, स्टेशनवरून रिक्षा करा. एकाच डिझाइनची तीन दहाची नाणी घेऊन जा, रुपयाचं चिन्ह असलेली नवी आणि जुनी मिसळू नका, कारण एक नाणं गेलं आणि दुसरंच निघालं हे पारोळ्याच्या आजोबांसारखा माणूस पहिल्या नजरेत सांगेल. जुन्या दुपदरी खिशाचा शर्ट असेल तर तो घाला, टी-शर्ट घालून आलेल्याला काका पेन कुठे ठेवणार विचारतात आणि तो रविवार वाया जातो.